थोरल्या बायच्या मिशा

आये, तुला सांगायचं पुष्कळ साठलंय, पण हे सांगितल्याशिवाय मला घास उतरंना. आपली तळ्याकाठची थोरली बाय हाय न्हवं, ती पुरुष निघाली.

हसू नकोस. जुन्या दगडांचा अभ्यास करणारी माणसं कोल्हापुरातनं आलती, गावच्या पोरांनीच बोलावलेली. त्यांनी बायच्या अंगावरचं शेंदराचं जाड कवच हळूहळू उतरवलं. सगळं गाव बघायला, आणि मी सगळ्यांच्या पुढं. आधी खाली गायी निघाल्या, मग ढाल, तलवार, आणि शेवटी तोंड निघालं तर त्याला मिशा! गायी वाचवताना मेलेल्या कुणा शूर माणसाच्या आठवणीचा दगड हाय म्हणे, वीरगळ म्हणतात. मी त्या अभ्यासवाल्याला म्हटलं, "पावणं, नीट बघा की. आमची बाय हाय ती." तो म्हणाला, "आज्जी, मिशा आहेत." मी म्हटलं, "माझ्या चुलतीलाबी हुत्या." सगळी खो खो हसली. मीपण हसले, पण घरी आल्यावर भरायला काढलेली ओटीची पिशवी परत खुंटीला अडकवली.

कारण काय, माझ्या लेकाची लेक, राजारामपुरीत दिलेली, ती बाळंतपणाला आलीय. सातवा लागलाय. मला इतका आनंद झालाय की दुपटी शिवताना मधेच गाणं म्हणते आणि सून म्हणते, आत्या, शेजारी ऐकत्यात. तर आपल्या घरातल्या पोरीची सातव्यात बायला ओटी जाते. आता मिशावाल्याला खण-नारळ आणि हिरव्या बांगड्या कशा द्यायच्या? न द्याव्या, तर पोरीला काही झालं म्हणजे? आणि आजवर दिल्या त्या कुणाला पोचल्या? मला काही सुधरंना.

तू मला गावातल्या गावात दिलीस, म्हणून माझ्या वेळी ओटीला तूच नेलंस. अजून डोळ्यापुढं हाय. रखरखीत ऊन हाय. आबांना तू लांब चिंचेखालीच थांबवतेस, बायकांच्या ठिकाणी पुरुषाची सावली नको म्हणून. मी विचारते, "आये, हिला तोंड कुठं हाय?" तू खेकसतेस, "तुला हाय तेवढं बास हाय. गप ओटी भर." मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणतेस, "मला सांगता येत न्हाय ते हिला सांग. बायमाणूस हाय, समजून घेतंय." आणि तूपण चिंचेकडं जातेस. सख्ख्या नवऱ्याला लांब उभा केलास की गं, आणि आत हा बसलेला!

काल नातीला घेऊन गेले. शेजारी नवी पाटी लावलीय. मी एकेक अक्षर लावत वाचली. तेल, शेंदूर लावू नये, असं लिहिलंय. मी पिशवी घट्ट धरून उभी.

नात म्हणाली, "आज्जी, ओटी भरू नका असं कुठं लिवलंय?"

"अगं, पण गडी हाय की तो."

"असू दे की. गायी राखल्या त्यानं. एक पोर राखायला जड जातंय व्हय त्याला?"

मी पिशवी उघडली. खण ठेवला, नारळ ठेवला, बांगड्या तलवारीपाशी ठेवल्या. बरं दिसत होतं का वाईट, ते अजून मला कळलेलं न्हाय. तेवढ्यात ती म्हणते, "आज्जी, तू जरा लांब जा. मला बोलायचं हाय." मी चिंचेखाली जाऊन उभी राहिले, आबांच्या जागेवर. ती खूप वेळ बोलत होती. परत आली तेव्हा डोळे ओले होते, पण चालणं हलकं झालं होतं. काय बोललीस म्हणून मी विचारलं न्हाय. तूपण कधी विचारलं न्हाईस.

तू गेलीस तिकडं हे पत्र टाकायचं कुठं? दुपट्यांच्या ट्रंकेत ठेवते. तुला म्हणून सांगते, तुझ्या जावयाबद्दल मी तिथं जे जे बोललेय ते सगळं त्या परक्या माणसानं ऐकलंय, या विचारानं काल माझे कान तापले. निघताना मी डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली. आणि तरी तोंडातनं निघालं, "येते गं बाय."