आबांच्या गाडीत डिझेल

आबा, हळदीचं कारण मला सांगू नका. गादीला हळदीचे डाग पडतील म्हणून पोटच्या पोरीला पाठवणीच्या दिवशी गाडीत घेतलं नाही, असा दुसरा बाप कर्जत तालुक्यात दाखवा मला. नवरी टेंपोत, मागं करवल्यांबरोबर गोणपाटावर बसलेली, आणि बाप पुढं आपल्या लाल गाडीत दोन पाहुणे घेऊन, म्हणे वऱ्हाडाला रस्ता दाखवायला. रस्ता काय दाखवायचा होता? खालापूरचा रस्ता टेंपोवाल्याला पाठ होता. चौक गावापर्यंत मी तुमची धूळ खाल्ली. शालूवर धूळ, मुंडावळ्यांवर धूळ, डोळ्यांत धूळ. बाया म्हणाल्या, पोर माहेराला रडते. मी कशाला रडते? टेंपोची कडी धरून मी तुमच्या गाडीच्या मागच्या काचेकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, एक दिवस बघते तुला. तुम्हाला म्हणत होते की गाडीला, ते तेव्हा कळत नव्हतं. आता दोघांनाही म्हणते.

डाग हळदीचे नव्हते, आबा. तुम्हालाही माहीत आहे. डाग डिझेलचा होता.

तुमची भाताची गिरण कोणी चालवली? मी. दुसरीत शाळेतून काढलंत ते त्या इंजिनासाठी. धाकट्याला दमा होता, कोंड्याची धूळ त्याला चालत नव्हती, म्हणून तो शाळेत आणि मी गिरणीत. हँडल मारून इंजीन सुरू करताना माणूस उडून पडायचा, ते मी परकर खोचून करत होते. पट्टा कधी घसरणार ते मला त्याच्या आवाजावरून आधी कळायचं. पिंपातलं डिझेल तोंडानं नळी ओढून काढायचं, एखादा घोट पोटात जायचा, मग दिवसभर भाकरीलाही तीच चव. तुम्ही बाकावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचात. कोणी विचारलं, “पोरगी चालवते व्हय इंजीन?” तर छाती फुगवून सांगायचात, “मंग? माझा मोठा मुलगा हाय तो!” मला बरं वाटायचं. मूर्ख होते मी.

मग ती गाडी आली. नेरळकडं बंगला असलेल्या मुंबईच्या एका साहेबाची, त्यानं परदेशातून आणलेली आणि तुम्ही त्याच्याकडून जुनी विकत घेतलेली. लाल, बुटकी, मागचं दार आकाशाकडं उघडायचं. तसली गाडी कोणी बघितली नव्हती. पेट्रोलची. चावी फिरवली की मांजर गुरगुरल्यासारखी चालू व्हायची, ना धक्का ना धूर. तुम्ही संध्याकाळी गिरण बंद झाली की आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तिला बाहेर काढायचात. कर्जतच्या बाजारातून फेरी मारायचात, मग पार खोपोलीपर्यंत, घाटाच्या पायथ्याशी वळून परत. मालाच्या गाड्यांना मागं टाकलं की घरी येऊन आईला सांगायचात, कोणाला कुठं गाठलं ते. आई म्हणायची, “शर्यत लावाया वय हाय का तुमचं?” तुम्ही हसायचात. तसे तुम्ही घरात कधी हसत नव्हतात.

मीही एकदा गेले होते दाराशी. हात धुऊन गेले होते. आठवतंय? तुम्ही गाडी पुसत होतात. मी म्हणाले, “आबा, मला बी न्या की खोपोलीला.” तुम्ही फडकं न थांबवता बोललात, “तुला कशी न्यायची गं? डिझेलचा वास बसंल गादीला. जायाचा नाय मंग.” आणि धाकट्याला हाक मारलीत. तो पायात बूट घालून पुढच्या सीटवर बसला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझे तळवे नाकाला लावून बघितले.

त्यानंतर दर महिन्याला तुम्ही माझ्यासाठी कर्जतहून वासाचा साबण आणायला लागलात. गुलाबी कागदातला. आई सगळ्या आळीत सांगायची, बाप पोरीचे किती लाड करतो. लाड! मी तो साबण घासघासून हातांची साल काढली. साबणाचा वास वर आणि डिझेलचा वास खाली, दोन्ही मिळून तिसराच काहीतरी वास यायचा. मला बघायला आले तेव्हा मुलाच्या मावशीनं पोह्यांची बशी घेताना नाक उडवलं. “रॉकेलचा वास येतो जनू.” आणि तुम्ही काय बोललात? तुम्ही म्हणालात, “रॉकेल नाय वो, डिझेल हाय ते,” आणि सगळे हसले. तुम्ही पहिले हसलात. ते स्थळ गेलं. त्यानंतरचंही गेलं. गिरण चालवायला मी पाहिजे आणि सीटवर बसायला नको, हे गणित मला आजही सुटत नाही, आणि मी काही शिकलेली बाई नाही, पण हिशेबात माझी चूक कोणी काढून दाखवावी.

शेवटी ज्यांच्याशी लग्न झालं त्यांची स्वतःची गिरण होती. तुम्ही त्यांना वासाचं आडून आडून सांगायला गेलात, नंतर फसवलं असं कोणी म्हणू नये म्हणून. ते म्हणाले, “आमच्याकडं बी त्योच वास हाय. तिला घरातच वाटंल.” असा माणूस मिळाला म्हणून मी तरले. तुमच्यामुळं नाही. त्यांनीच मला टेंपो चालवायला शिकवलं. आज आमचा तांदूळ रसायनीच्या कारखान्यांच्या कँटीनला जातो, तो मी स्वतः नेते. फाटकावरचा पहारेकरी मला सलाम करतो. तुम्ही बघायला पाहिजे होतात. नाही, बरं झालं नव्हतात. म्हणाला असतात, माझा मोठा मुलगा.

आता दहाव्याची गोष्ट. ती मी कोणाजवळ बोलले नाही, ह्यांच्याजवळही नाही. तुमच्याजवळच बोलते.

उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवले होते. आम्ही बायका लांब बसलो होतो, पण दिसत होतं सगळं. कावळे झाडावर बसलेले, आणि एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मग नेहमीचं सुरू झालं, ज्याला जे सुचेल ते मोठ्यानं बोलायचं, मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते शोधायचं. काका उठले, हात जोडले, “गिरन चालू ठेवू, आबा.” कावळा हलला नाही. कोणीतरी म्हणालं, “वैनींना अंतर देनार नाय.” नाही. मग काका आमच्याकडं बघून ओरडले, “पोरीला बघू आमी! तिचं मायार तुटू देनार नाय!” मी पदर तोंडात धरला आणि त्या झाडाकडं बघितलं. आबा, खरं सांगते, मला वाटलं आता येईल. एवढं बघितलं मी त्या फांदीकडं की मान दुखली. एक कावळा होता, त्यानं चोच फांदीला घासली आणि तोंड फिरवलं.

आणि मग धाकटा बोलला. रडत रडत बोलला, “आबा, तुमची गाडी जपीन. घराबाहेर जाऊ देनार नाय.” शब्द संपला नाही तोच दोन कावळे खाली.

सगळे म्हणाले, सुटला जीव. काका म्हणाले, “गाडीत व्हता गं जीव त्यांचा.” आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो झटकला. लोकांना वाटलं दुःखानं. माझ्या नावाला कावळा हलत नाही आणि लोखंडाच्या नावाला झेपावतो, आणि हे अख्ख्या गावासमोर. जिवंतपणी घरात अपमान केलात तो केलात, मेल्यावर नदीवर बोलावून केलात.

तर आता ऐका, तुमच्या त्या लोखंडाचं काय झालं ते.

धाकट्यानं वचन पाळलं. गोठ्याशेजारी छप्पर घालून गाडी ठेवली, आठवड्याला काढायचा, पुसायचा, चार मैल फिरवायचा. पण आता त्याचा दमा वाढलाय आणि मुलाला तिच्यात रस नाही, त्याला मोटारसायकल पाहिजे. महिन्यापूर्वी तो आला माझ्याकडं, ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला.

मी म्हणाले, “बोल की. मला टेंपो भरायचाय.”

“ताय, गाडी तू घे.”

“कोनती?”

“आबांची. बाहेर देता येत नाय, बोललेलो ना मी नदीवर. तू घरातलीच हायेस.”

मी हसले आबा. इतकी हसले की ह्यांनी आतून विचारलं काय झालं. मी म्हणाले, “आता घरातली व्हय रं? गादीला वास बसला तर?”

त्यानं पाण्याचा पेला उपडा ठेवला. मग म्हणाला, “मी लहान व्हतो ताय.”

त्याचं खरं आहे. तो लहान होता. त्याच्यावर माझा राग नाही. चावी घेतली मी. आणि घेताना ठरवूनच घेतली. तुमच्या गाडीचं पेट्रोल इंजीन काढून तिच्यात डिझेलचं बसवायचं. हल्ली सगळे बसवतात, टॅक्सीवाले तर सर्रास. डिझेल मला गिरणीसाठी येतंच. पण ते कारण नाही, उगाच खोटं कशाला बोलू? मला त्या लाल गाडीच्या पोटात डिझेल घालायचंय. तिनं माझ्या इंजिनासारखं धडधडावं, काळा धूर ओकावा, आणि गादीला असा वास बसावा की गुलाबी कागदातल्या साबणानंही जाऊ नये. आणि मग ती घेऊन मी कर्जतच्या बाजारातून हळूहळू जाणार, तुमच्या सगळ्या जुन्या दोस्तांच्या दुकानांसमोरून. हीच ना हो आबांची गाडी, असं त्यांनी विचारावं. होय, म्हणायचं. आता माझ्यासारखी वास मारते.

खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या मिस्त्रीकडं गाडी लावली आहे. त्यानं बोनेट उघडलं आणि आत डोकं घालून बराच वेळ बाहेरच येईना. मग म्हणाला, “मावशी, ह्ये इंजीन काढू नका. पिस्टनच्या रिंगा गेल्यात, त्येल पिते थोडं, पन दुरुस्त व्हतंय. काय बनवलीय बघा!”

“तुला बसवाया जमंल का नाय ते सांग.”

“जमंल की. खालचे स्प्रिंगचे पाटे जाड टाकू, इंजीन बसवाया पाळना नवा करू. पन नाक जड व्हनार. आता घोडी हाय, मग रेडा व्हईल. वढंल, पळनार नाय.”

“मला रेडाच पायजे.”

त्यानं फडक्याला हात पुसले. “कोनाशी भांडन हाय का मावशी तुमचं? गाडीनं काय केलंय?”

मी त्याला म्हणाले, तू तुझं काम बघ. पण तो हट्टी आहे. म्हणाला, एकदा काढलं की परत हे इंजीन बसायचं नाही, बुडाची पट्टी कापावी लागते. नीट विचार करा. गुरुवारी कटर लावतो, त्याआधी सांगा पेट्रोल की डिझेल.

विचार कसला करायचा? रात्री जेवताना ह्यांना विचारलं. ते म्हणाले, “तुझी गाडी हाय, तू ठरव.” चांगल्या माणसाचा हाच तोटा, वेळेला उपयोग नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. अक्षर तुम्ही ओळखणार नाही, नीट लिहायला मी लग्नानंतर ह्यांच्याकडून शिकले, मी लिहिलेलं तुम्ही कधी बघितलंच नाही. हा कागद पाठवायचा कुठं तेही मला माहीत नाही, आणि पाठवणारही नाही. देवाच्या फळीवर ठेवला तर तुमच्या फोटोमागं पडेल.

आणखी एक आहे. लिहायचं नव्हतं, पण आता एवढं लिहिलं तर तेही लिहिते. गाडी शिळफाट्याला मी स्वतः चालवत नेली. घरून निघाले तेव्हा दात आवळूनच बसले होते. खालापूर सोडलं आणि रस्ता मोकळा मिळाला, पाय जरा दाबला, आणि आबा, ती अशी सुटली की माझा पदर मागं उडाला. टेंपोला असं काही येत नाही. पुढं एक मालाचा ट्रक होता. मी त्याला मागं टाकलं. गरज नव्हती. मग आणखी एकाला टाकलं. शिळफाटा आला तरी थांबले नाही, पालीच्या रस्त्याला लागले आणि उगाच जाऊन परत आले. आरशात बघितलं तर मी हसत होते. तुम्ही खोपोलीहून येऊन जसे हसायचात ना, तसंच, एका बाजूनं. मला ते तोंड बघून इतका राग आला की मी आरसाच फिरवला. पण हसू काही जाईना.

तर आता मला पेट्रोल ठेवावंसं वाटतंय आणि सूडही सोडवत नाही. हे तुम्ही करून ठेवलंय, तुम्हीच निस्तरा. मला कावळेबिवळे नकोत, दुसऱ्याच्या तोंडून नको. सरळ सांगा, स्वप्नात या, नाहीतर कसंही करा. मला पुढच्या सीटवर का बसवलं नाहीत? वासानं, की माझी लाज वाटत होती? की एवढी एकच जागा तुम्हाला तुमच्या एकट्याची पाहिजे होती? यातलं काहीही खरं असलं तरी चालेल, ऐकून घेईन मी. खरं सांगितलंत तर इंजीन राहील. गप्प राहिलात, जसे जन्मभर राहिलात, तर कटर लागेल, आणि यावेळी नुकसान तुमच्या एकट्याचं होणार नाही, माझंही होईल. म्हणून म्हणते, बोला. बुधवारी दिवेलागणीपर्यंत वाट बघते. गुरुवारी सकाळी मी शिळफाट्याला असणार.