अटकेच्या कागदावरची वेळ

मामंजी, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्यामागून तुमचा मुलगाही गेला. आज लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात गल्लीत जे झालं त्यामुळं.

समोरच्या रिक्षावाल्याला सकाळी पोलीस न्यायला आले. त्याच्या बायकोपुढं सहीला कागद धरला, तशी ती मागं सरकली. "पोलिसांच्या कागदावर आमच्यात कुणी सही करत न्हाय." ते ऐकलं आणि मला तुमचं शिवणाचं टेबल दिसलं. फुटबॉल मॅचनंतरच्या मारामारीत ह्यांचं नाव आलेलं. रविवारची सकाळ, दोन पोलीस दारात, आणि असाच कागद टेबलावर, कापडाच्या तुकड्यांत. तुम्ही म्हणता, "न कळलेल्या कागदावर सही करायची न्हाय," आणि तो परत देता. पुढं कोर्टात निघालं की दुसऱ्याच कागदावर अटक सोमवारी संध्याकाळी दाखवलेली, साक्षीदार भलताच कुणी. म्हणजे रविवारभर हे कागदोपत्री कुठंच नव्हते. ह्यांचा डावा खांदा मात्र त्याच दिवशी ठाण्यातल्या मारानं गेला.

मी चपला घातल्या आणि समोर गेले. शाळा चौथीत सुटलेली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुम्ही कापड बेतायचात आणि मी अडखळत पेपर वाचायची, तेवढ्यावर शिकले. हे गेल्यावर वाचनालयातून कायद्याचं पुस्तक आणून दोनदा वाचलं. आता तो कागद हातात घेतला. अटकेची वेळ लिहिली होती अकरा. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा.

"साहेब, वेळ चुकलीया."

"तुम्ही कोण, आजी?"

"ह्यात लिवलंय की, घरचं माणूस न्हाईतर भागातला प्रतिष्ठित माणूस. ती मी."

"प्रतिष्ठित?" तो हसला.

"पस्तीस वर्षं ह्या गल्लीत हाय. तुमची बदली हुईल, मी हितंच असणार."

त्यानं अकरा खोडलं, नऊ-दहा लिहिलं, बाजूला सही केली. मग मी केली. रिक्षावाल्याच्या बायकोला सांगितलं, का नेतायत ते लेखी माग, कुठल्या ठाण्यात ते विचार. वकील आपल्या पसंतीचा देता येतो, ऐपत नसेल तर सरकारकडून फुकट मिळतो. आणि ह्या वेळेपासून, वाटेतला वेळ सोडून, चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं न्यावंच लागतं. त्यानं काय केलंय मला ठाऊक नाही, ते कोर्ट बघेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या पायांनी कोर्टाच्या पायऱ्या चढला, असं तिनं येऊन सांगितलं.

तेव्हापासून गल्ली माझं कौतुक करते आणि मला ते घेववत नाही. ह्यांनी तुम्हाला शेवटपर्यंत माफ केलं नाही. बापानं अडाणीपणानं कागद परत दिला, म्हणायचे. मी भाकरी थापत ऐकायची. तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाहीत. परत देण्याआधी तो कागद तुम्ही माझ्या हातात दिला होता. "सूनबाई, काय लिवलंय बघ की." मी वाचला. रविवार, सकाळची वेळ, सगळं बरोबर होतं. पण दारात माणसं जमलेली, आणि लाजेनं मला एवढंच वाटत होतं की हे पोलीस आधी जाऊ देत. म्हणून मी म्हणाले, "मला न्हाय कळत, मामंजी."