परीचे उलटे खिसे

लातूर, रविवार संध्याकाळ

शेजारच्या काकूंच्या मुलाचा वाढदिवस होता. निघताना परीनं, माझ्या सहा वर्षांच्या नातीनं, दारात थांबून फ्रॉक झटकला आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

काकू हसल्या, "काय गं, मुंग्या चढल्या का?"

"न्हाई काकू. बघा, काहीच नेलं न्हाई."

हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. मी कुणाच्याही घरातून निघताना पदर झटकते, ते ती बघते. पारध्याच्या बाईनं असंच निघायचं, हे मला आईनं शिकवलं. आईला तिच्या आईनं.

वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं, गोऱ्या साहेबांनी कायदा करून आमच्यासारख्या जाती जन्मानंच चोर ठरवल्या. निजामानंही तेच उचललं. साहेब गेले, निजाम गेला, कायदा गेला. तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या यांनाच न्यायचे. शेवटच्या वेळी मार खाऊन आले, ते अंथरुणावरून उठलेच नाहीत.

आणि आता परीचे ते खिसे. काकूंनी दिलेलं चॉकलेटसुद्धा तिनं तिथंच ठेवलं होतं.

ठरवलं, आजपासून पदर झटकायचा नाही. मघाशी किराणा दुकानातून निघताना तो मुठीत घट्ट धरला. पायरी उतरले, तर परी मागून ओरडली, "आज्जी, थांब की! पदर झटकायचा राहिला!"

दुकानदारानं मान वर करून बघितलं.

मी पदर झटकला.