फिल्टरमध्ये पाणी नव्हते

लिहून ठेवणार : वय वर्षे एकाहत्तर, धंदा डिझेल पंप व नोझल दुरुस्ती. निवृत्त झालो असे लोक म्हणतात, मी म्हणत नाही.

हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. औषध, दडपण किंवा मुलगी यांपैकी कशाचाही अंमल या घडीला माझ्यावर नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातले पंच्याण्णव जण टेबलावरून उठतात. मी उभा जन्म इंजिनांच्या झडपा बदलण्यात घालवला, त्यामुळे उरलेल्या पाचांचा विचार केल्याशिवाय मला राहवत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

घर आणि हत्यारे वाटून द्यायला अर्धा कागद पुरला असता. मी लिहायला बसलो तो एका जुन्या डिझेल गाडीसाठी आणि माझ्या मेव्हण्यासाठी, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीच्या धाकट्या भावासाठी. तो शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. मास्तर बारा वर्षे माझ्याशी बोललेला नाही. त्याचे खरे कारण माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि ते माझ्याबरोबर जाऊ नये एवढीच आता इच्छा आहे.

कलम १. राहते घर, वरची गच्ची आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. आम्हा दोघांची हत्यारे जवळपास सारखीच, फक्त तिची गिऱ्हाइके ओरडतात. घर विकायचे असेल तर खुशाल विक, बाळ. आईच्या आठवणी भिंतींत नसतात. पण स्वयंपाकघरातले टेबल विकू नकोस, त्यावर मी हे लिहितो आहे आणि त्यावरच तुझ्या आईने माझे पंप उघडे पडलेले पाहून चाळीस वर्षे कपाळाला हात लावला.

कलम २. गॅरेजमधली सर्व हत्यारे, नोझल तपासायचे यंत्र आणि भाड्याची जागा चालवण्याचा हक्क माझ्या कारागिराला, ज्याला सगळे ‘नोझल’ याच नावाने ओळखतात. बावीस वर्षे त्याने माझा आरडाओरडा ऐकला. त्याच्याएवढा बारीक कान माझाही नाही. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण त्याने लगेच पगारवाढ मागितली असती.

कलम ३. खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याने माझी ॲल्युमिनियमची शिडी तीन वर्षांपूर्वी ‘अर्ध्या तासात आणून देतो’ म्हणून नेली. ती त्यालाच ठेवू द्यावी. मात्र अर्धा तास झाला, एवढे त्याला कोणीतरी कळवावे.

कलम ४. आता गाडी. ती माझ्या लग्नाच्या एक वर्ष आधी मी भंगारातून उचलली. चार दारे, दूधसाखरेच्या चहासारखा रंग, बॉनेट उघडायला दोन माणसे आणि सुरू करायला एक शिवी. पत्नी तिला ‘जाऊबाई’ म्हणायची. “माझ्या आधी या घरात आली, मग थोरली जाऊच की ती! आधी तिचं पोट भरणार, मग आमचं.” तिच्या नावाने बोटे मोडायची आणि दर रविवारी काचा मात्र स्वतः पुसायची.

मुलांच्या रुग्णालयासाठी दरवर्षी जुन्या गाड्यांची रॅली निघते. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी, तीन दिवस, दोन घाट, आणि नियम एकच : शेवटच्या रेषेपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर पोहोचली पाहिजे. पोहोचलेल्या प्रत्येक गाडीमागे देणगीदार रुग्णालयाला एक खाट देत. दोर बांधून ओढत आणलेल्या गाडीला काही नाही. बारा वर्षांपूर्वी मास्तरने ते पत्रक आणले आणि आल्या आल्या टेबलावर आपटले. “भाऊजी, जाऊबाईंना काढा बाहेर. तुम्ही चालवा, नकाशा मी धरतो.”

चार महिने आम्ही दोघे त्या गाडीखाली होतो. तसे दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत, हे साफ लिहून ठेवतो. स्प्रिंगांचे पाटे उतरवले, क्लच बदलला, हीटर प्लग बदलले, पंप तर मी तीनदा उघडला, कारण मला करमत नव्हते. मास्तरला पाना कसा धरावा हेही कळत नसे. तो शाळेतून थेट यायचा, खडूने माखलेल्या बोटांनी कंदील धरायचा आणि मला वाऱ्यांच्या दिशा समजावून सांगायचा. मी म्हणायचो, “मास्तर, वारा राहू दे, उजेड इकडे पाड.” पत्नी दारातून म्हणायची, “दोघेही आत या, नाहीतर जाऊबाईंच्या पानात जेवा.” आम्ही दोघेही हसायचो आणि कोणीच आत जायचे नाही.

कलम ५. रॅलीचे पहिले दोन दिवस आम्ही राजे होतो. मास्तर मांडीवर नकाशा आणि कानावर पेन्सिल घेऊन बसला होता. “पुढे दीड किलोमीटरवर पाण्याची टाकी, तिथून डावीकडे,” असे तो म्हणायचा आणि दीड किलोमीटरवर टाकी हजर. दुसऱ्या घाटात आमच्यापेक्षा ताकदवान गाड्या वाफ सोडत कडेला उभ्या होत्या आणि जाऊबाई धूर सोडत, कण्हत, पण न थांबता वर गेली. माथ्यावर मास्तरने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून आरोळी ठोकली. पन्नाशीचा माणूस, शाळेत मुले त्याला चळचळा कापत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या सीटवर चाळीस मिनिटे झोपलो. तेवढ्यात मास्तरने रस्त्याकडेच्या दुकानातल्या पिंपातून डिझेल भरून घेतले. शेवटची रेषा अकरा किलोमीटरवर असताना इंजिन अडखळले आणि बंद पडले. पंपात हवा शिरली होती. मी हातपंप मारून हवा काढली, गाडी अर्धा किलोमीटर चालली, पुन्हा बंद. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. डिझेलच्या धंद्यातला कोणीही सांगेल, हवा पुन्हा पुन्हा येते म्हणजे कुठेतरी फट आहे. पण फट माझ्या हातच्या कामात असू शकेल हे मला सुचलेच नाही. मला पिंप आठवले.

आजूबाजूला दहा-बारा चालक जमले होते, रुग्णालयाच्या दोन परिचारिका होत्या, दोरवाली गाडी येऊन उभी होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “पाणी भरलंस तू टाकीत. नकाशावरच्या नद्या मोजणाऱ्याच्या हातात डिझेल दिलं, माझीच अक्कल गहाण पडली होती.”

मास्तर म्हणाला, “भाऊजी, मी रुमालातून दोनदा गाळून घेतलंय.”

“मग रुमाल पीळ आणि पी,” मी म्हणालो.

त्याने नकाशाची घडी घातली, पुढच्या कप्प्यात ठेवली, आणि बसथांब्याकडे चालू लागला. जाऊबाई दोराला बांधून आली. आमच्या नावाची खाट गेली.

कलम ६. हे कलम मी सत्य म्हणून, कोणी विचारले नसताना लिहून देत आहे.

पुढच्या आठवड्यात मी फिल्टर उघडला. फिल्टरमध्ये पाणी नव्हते. एक थेंबही नव्हता. डिझेल आरशासारखे स्वच्छ होते.

फिल्टरच्या बोल्टखाली तांब्याचा वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चपटी चकती असते. एकदा दाबला गेला की तो कडक होतो. नवीन बसवावा, किंवा जुना लालबुंद तापवून पाण्यात टाकावा, म्हणजे तो मऊ होऊन पुन्हा घट्ट बसतो. नवीन वायसर ही आळशी मिस्त्रीची खूण, असे मी गॅरेजमध्ये सगळ्यांना ऐकवत असे. रॅलीच्या आदल्या दिवशी मी दहा वायसर तापवायला मांडले. एक घरंगळून टेबलाखाली गेला. वाकायचा कंटाळा आला, म्हणून शर्टाच्या खिशातला जुना, न तापवलेला वायसर काढला आणि लावून टाकला. नंतर बदलू म्हटले. नव्या वायसरचे पाकीट हाताच्या अंतरावर खणात पडले होते. घाटाच्या हादऱ्यांनी तो कडक तुकडा सैल झाला आणि तिथून हवा शिरली. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

त्या संध्याकाळी पत्नीने विचारले, “निघालं का पाणी?”

मी म्हणालो, “निघालं.”

एक शब्द. तेवढ्यावर तिने आपल्या भावाला फोन करून सांगितले, “चुकलास तर चुकलो म्हण, आणि घरी ये.” तो म्हणाला, “ताई, मी चुकलो नाही.” ती माझ्या बाजूने उभी राहिली. मी मूग गिळून बसलो. नंतर सहा वर्षे ती जगली, आणि शेवटपर्यंत आपला भाऊ हट्टी आहे असेच समजत गेली. तिच्या अंत्यविधीला मास्तर आला, फाटकाजवळ उभा राहिला आणि पाणीही न पिता परत गेला. त्याचे तोंड मी पाहिले होते. तेव्हाही बोललो नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा माझे नाक मोठे होते. मास्तरबद्दल या घरात बारा वर्षे जे मानले गेले ते माझे खोटे होते. (येथे दुसरा शब्द होता, तो खोडला आहे. कारण कलम ९ मध्ये.)

त्या बुडालेल्या खाटेपायी मी रुग्णालयाचा डिझेल जनरेटर बारा वर्षे फुकट सांभाळला. लोक मला दानशूर म्हणतात. यापुढे कोणी म्हणू नये. ते काम नोझलने चालू ठेवावे अशी विनंती आहे, सक्ती नाही.

कलम ७. म्हणून गाडी, तिच्या किल्ल्या, जादा पंप आणि पुढच्या कप्प्यातला नकाशा, ज्याला मी हात लावलेला नाही, हे सर्व मास्तरला द्यावे. (हे कलम पूर्ण रद्द. पाहा कलम ९.)

कलम ८. माझ्यावर भाषण कोणी करू नये. रंगाऱ्याला तर माइकजवळही फिरकू देऊ नये. गाडीचा रंग त्याने एक छटा गडद लावला आणि वर मलाच डोळे तपासायला सांगितले.

कलम ९. हे कलम वरचे लिहिल्यानंतर चार दिवसांनी जोडले आहे.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना मी हा मसुदा वाचायला दिला. त्यांनी कलम सहा दोनदा वाचले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “काका, कायद्यानं सगळं ठीक आहे. पण तुम्ही गेल्यावर हे वाचून त्यांनी काय करायचं? तुमच्या फोटोशी भांडायचं?”

मला राग आला. मग तासाभराने मी फोन लावला. पलीकडून “कोण?” आले. मी म्हणालो, “मी बोलतोय.” “सोमवारी माझं ऑपरेशन आहे. त्याआधी तुझ्याकडून एक कागद वाचून घ्यायचाय. ये.”

मास्तर आज सकाळी आला. केस पार पांढरे झाले आहेत, चालताना डावा पाय जपतो. टेबलाशी बसायला सांगितले तर बसला नाही. उभ्यानेच कलम सहा वाचले. संपल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग खुर्ची ओढून बसला आणि चष्मा काढून ठेवला.

“ताई गेली त्या दिवशी तरी,” तो म्हणाला, “तिच्या कानात सांगायचंत, भाऊजी. मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं.”

मी रडलो, हेही लिहून ठेवतो. तो मला थांबवायला उठला नाही, आणि ते बरोबरच होते.

मग त्याने खिशातून पेन काढले. “इथे तुम्ही ‘गैरसमज’ लिहिलंय. गैरसमज नव्हता तो. खोटं होतं. खोडा.” मी खोडले आणि ‘खोटे’ लिहिले. बाजूला दोघांनी आद्याक्षरे घातली. चाळीस वर्षे वह्या तपासलेला माणूस, जित्याची खोड कुठे जाते!

मी म्हणालो, “गाडी तुझी आहे. सातवं कलम वाच.”

“मेलेल्या माणसाची गाडी मला नको.” त्याने सातव्या कलमावर स्वतःच आडवी रेघ मारली. साक्षीच्या सहीसाठी येऊन बसलेल्या वकीलबाई घाईने म्हणाल्या, “अहो, तुम्ही नाही खोडायचं, त्यांनी खोडायचं!” म्हणून त्या रेघेखाली दुसरी रेघ मी मारली. मग बाईंनी आम्हा दोघांना समजावले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आता मास्तरला काहीच मिळत नसल्यामुळे त्याची सही चालेल. दुसरा साक्षीदार आम्ही शोधतच होतो. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “आणा इकडे.”

गाडीविषयी यापुढे या दस्तात काहीही नाही. तिचे काय करायचे ते जिवंत माणसांनी ठरवावे.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, वाचून पाहिला आहे, आणि त्यातली खाडाखोड मला मान्य आहे.

ठिकाण : माझ्या घरातले स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक : शनिवार, शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिला : वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरा : लिहून ठेवणाऱ्याच्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ, निवृत्त शिक्षक (सही)

दुसऱ्या साक्षीदाराचा शेरा, त्याच्याच हस्ताक्षरात : कलम सहा वाचले. माफी दिलेली नाही. ती मागायला लिहून ठेवणाऱ्याने सोमवारनंतर स्वतः, आपल्या पायांनी, माझ्या घरी यावे. मी वाट पाहीन.