पाठीवरचं नाव

प्रिय बाबा,

ह्यूस्टनमध्ये माझं बरं चाललंय, जेवणही वेळेवर होतं.

आपल्या फुटबॉल टीमनं डेम्ब्रोस्कीला गुडघा गेला म्हणून काढलं आणि कॉलेजची पोरं निवडतात त्या ड्राफ्टमधून त्याच्या जागी नवा गडी घेतला. त्यावरून काल इथल्या आपल्या गावाकडच्या लोकांच्या बारमध्ये चांगलीच जुंपली. तिथं नेहमी येणारा वॉल्ट मला म्हणाला, "तुझ्या जर्सीच्या पाठीवरच्या डेम्ब्रोस्कीच्या नावावर पट्टी चिकटव आणि नव्याचं नाव लिही. म्हातारा संपला आता."

मी म्हटलं, "बारा वर्षं त्यानं आपल्यासाठी हाडं मोडून घेतली, तेव्हा टेबलावर चढून नाचत होतास. नाव राहणार."

तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, कारखान्यानं घरी बसवल्यापासून तुम्ही कामाच्या शर्टावरचं आपलं नाव उसवायला घेतलंय.

कात्री खाली ठेवा, बाबा.

तुमचीच हट्टी,
डोरीन