लाल रंगाखालचे चेहरे

१ जुलै २०२४, सोमवार
आज उज्जैनला रुजू झालो. माधव नगरातील खोली अपेक्षेपेक्षा चांगली आहे: पूर्वेला खिडकी, नळाला पाणी, आणि शेजारी हार्मोनियम शिकणारे कोणी नाही. कल्पना भोपाळलाच राहणार. तिच्या बँकेतील नोकरीची दोन वर्षे उरली आहेत. दुपारी जेवण झाले की न चुकता फोन करण्याचे तिने मला बजावले आहे. संसारात इतकी शिस्त मीच आणली.

काम मराठी मंडळाच्या संग्रहाचे. स्वातंत्र्यचळवळीची छायाचित्रे व कागद लावायचे आणि पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक चित्राखाली नावे द्यायची. वाणिज्य पदवीधर लेखापरीक्षकाला हे काम का दिले, ते कपाट उघडताच समजले. जाहीरनामे प्रसादाच्या खोक्यांत, काचेच्या निगेटिव्ह जुन्या कॅलेंडरांत गुंडाळलेल्या. चिटणीस हर्षल माझ्याच वयाचा. पोह्यांच्या तेलकट बोटांनी त्याने १९४२ सालची काच उचलली. मी रुमाल पुढे केला, तर त्याने त्या रुमालाने तोंड पुसले. वर म्हणाला, साहेब, टेंशन नका घेऊ, हो जाएगा. येथील मराठी वाक्य निघते आपल्या घरून आणि पोहोचते हिंदीच्या दारी.

४ जुलै, गुरुवार
नावे देणे म्हणजे काय, हे या गावाला ठाऊक नाही. प्रत्येकाचे आजोबा प्रत्येक छायाचित्रात आहेत. पुरावा मागितला की नाक दाखवतात. एका गृहस्थांनी तर दोन चित्रांत दोन वेगवेगळे आजोबा दाखवले, तेही एकाच नाकाच्या आधारे.

आज मात्र एक काच लक्षणीय सापडली. राम घाटाच्या पायऱ्यांवर बसलेली मंडळी, मध्ये झेंडा, साल बेचाळीस. त्यांपैकी तिघांच्या चेहऱ्यांवर काचेच्या गुळगुळीत बाजूने लाल रंगाचा ठिपका. लाल रंगातून प्रकाश जात नाही, त्यामुळे कागदावरच्या प्रतीत तेथे केवळ पांढरे उमटते. दोन पुरुष आणि एक लहान मुलगी, तिघांनाही चेहरा नाही.

हर्षलच्या वडिलांची चुलत बहीण, जयू आत्या, पलीकडच्या गल्लीत राहते. वय अठ्ठ्याऐंशी, कान शाबूत, तोंड त्याहून शाबूत. तिने सांगितले की फोटोग्राफरनेच ते चेहरे झाकले, कारण त्या दिवसांत एक माणूस दुपारी दारोदार नावे विचारीत फिरत असे. संस्थानच्या पोलिसांपैकी तो नव्हता. पोलीसही त्याला पाहून रस्ता बदलत. ती मला म्हणाली, अरे परीक्षका, झाकलंय ते झाकलंच राहू दे, तुझ्या बापाचं काय जातं? मी तिला नम्रपणे आठवण करून दिली की देश स्वतंत्र झाला आहे.

९ जुलै, मंगळवार
ओल्या कापसाने पहिला ठिपका पुसला. रंग सहज निघाला. मिशा, रुंद कपाळ. विलास तेलंग नावाचा औषध दुकानदार घरची तसबीर घेऊन आला. त्याचे आजोबा श्रीपाद तेलंग. चेहरा तंतोतंत जुळला. या गावातील हा पहिला खरा पुरावा. विलास रडला, काचेला नमस्कार केला. भावनेचा अतिरेक झाला, पण नोंद पक्की.

दुसरा ठिपकाही पुसला. जयू आत्या दारातूनच ओरडली, तो माझा भाऊ आहे, गोपाळ! पुन्हा झाक त्याला! ओरडण्यात का होईना, नाव मिळाले.

१२ जुलै, शुक्रवार
अखेर एक सुसंस्कृत माणूस भेटला. दुपारी कडक इस्त्रीचा जुन्या धाटणीचा कोट घालून एक गृहस्थ आले. हर्षल खुर्चीत घोरत होता. गृहस्थांचे मराठी स्वच्छ, उच्चार नेमके. त्यांनी चित्रातील व्यक्तींची नावे विचारली आणि अर्धवट नाव चालणार नाही, असे आवर्जून सांगितले. मला भरून आले. श्रीपाद तेलंग, गोपाळ खरे: दोन्ही नावे मी वडिलांच्या नावांसह सांगितली. त्यांनी काहीही लिहून घेतले नाही. केवळ मान हलवली. बाहेर चिखल असूनही फरशीवर त्यांच्या बुटांचा ठसा नव्हता. अशी टापटीप हर्षलने शिकावी.

१६ जुलै, मंगळवार
काचेत बिघाड झाला आहे. तेलंग व खरे जेथे बसले होते तेथे काच स्वच्छ, पारदर्शक. प्रत काढली तर कागदावर तेथे दोन काळे माणूस-आकार येतील. ओल्या कापसाने चेहऱ्यावरचा रंग जातो, अख्खा माणूस जात नाही. हर्षलच्या बोटांवर संशय घेतला. तो शपथेवर म्हणाला की ह्या जागा पहिल्यापासून खाली, म्हणजे रिकाम्याच, होत्या.

विलासकडे गेलो. तसबिरीच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग. मी श्रीपादरावांविषयी विचारले. तो हसून म्हणाला, कौनसे आजोबा, साहेब? वडिलांचे वडील कोण, असे विचारताच त्याचा चेहरा कोरा झाला, आणि त्याने मला खोकल्याचे औषध दाखवले.

१८ जुलै, गुरुवार
जयू आत्या आली. काचेतील रिकाम्या जागेवर बोट ठेवून रडत बसली. कोणासाठी रडते, ते तिला सांगता येईना. मी म्हटले, तुमचा भाऊ, गोपाळ. ती म्हणाली, मी एकटीच रे, मला भाऊ कुठला? आणि तरीही डोळे पुसत राहिली.

आता ताळा जुळतो. दारोदार नावे विचारणाऱ्या त्या कोटवाल्याला नाव दिले की माणूस जातो. मेलेला असेल तर लोकांच्या आठवणीतून जातो. जिवंत असेल तर—

तिसरा ठिपका मी कालच पुसला आहे. दोन वेण्या, हनुवटीवर खळी. पाहताच हर्षल टाळ्या पिटत म्हणाला, अरे, ही तर आपली आत्या!

१९ जुलै, शुक्रवार
लाल शाई लावून पाहिली. कुंकूही. काचेवर ठरत नाही. काहीच ठरत नाही.

तो दुपारी आला. मुलीवर बोट ठेवले. म्हणाला, हिचे राहिले. मी म्हटले, ठाऊक नाही. तो म्हणाला, उद्या चिटणीसांना विचारू.

हर्षल. हा गाढव चहाच्या एका कपावर आत्याचे नाव, गोत्र, घराचा पत्ता— त्याला सर्व समजावून सांगितले. तो म्हणाला, साहेब, आप भी ना. आत्याला गाव सोडायला सांगितले. म्हणाली, या गुडघ्यांवर? तू उचलून नेतोस का?

रंग मी पुसला. हर्षलने नव्हे.

२० जुलै, शनिवार
तो आला. हर्षलने तोंड उघडण्यापूर्वी मी बोललो. मुलीवर बोट ठेवले आणि नाव सांगितले. माझे. वडिलांच्या नावासह, आडनावासह, संपूर्ण.

त्याने मान हलवली. गेला. मी १९७० चा, चित्र बेचाळीसचे, आणि चित्रात वेण्या! इतक्या काटेकोर माणसाला साधे साल तपासावेसे वाटले नाही. असली ढिसाळ तपासणी मी माझ्या हाताखाली एक दिवस—

मुलगी काचेत आहे. जागच्या जागी. आत्या पलीकडे भाजीवाल्याशी भांडते आहे, आवाज येतो.

हर्षल आत आला. माझ्याकडे पाहिले. भैया, दर्शनाला आला का? मंदिर उधर से, म्हणाला. माझ्या खुर्चीवर पोह्यांची बशी ठेवली.

जेवण झाले नाही. तरी कल्पनाला फोन केला. एकदाच वाजला. तिचाच आवाज. तीस वर्षांचा ओळखीचा आवाज. कौन बोल रहे हैं, असे तिने विचारले, अगदी परक्या माणसाला विचारावे तसे. मी म्हटले, अगं, मी. तिने पुन्हा विचारले. कोण मी?

मी सांगू लागलो. तोंड उघडले. मी—