नऊ विकेटांचा जावई

इंझोरी,
अधिक ज्येष्ठ, वद्य तृतीया

चिरंजीव पंजाब यास,

इंझोरीहून तुझ्या मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे, वैजयंती बीपीच्या गोळ्या वेळेवर घेते का (तुझी बायको सकाळची गोळी संध्याकाळी आठवून घेते, हे मला माहीत आहे), गाय व्याली का, हे सगळं सविस्तर कळव. तुझी ज्योत्स्ना इथे दिराच्या घरी सुखात आहे, काल माझ्यासोबत पोथीला बसली होती. बाकी इकडचं कुशल लिहायची रीत आहे, पण अधिक महिन्यात खोटं लिहू नये म्हणून लिहीत नाही. फोनच केला असता, पण घरात धड फोन एकच, तो तुझ्या दाजींच्या खिशात, आणि ते फोन स्पीकरवर लावून ओट्यावर बोलतात, म्हणजे आपलं बोलणं शेजारच्या मारोतरावांच्या म्हशीपर्यंत पोचतं. म्हणून हा कागद. क्रिकेटच्या स्पर्धेची जाहिरात आहे, मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला हार घातलेला तुझा फोटो आहे. तो मधेमधे दिसतो आणि माझं अक्षर बिघडतं.

आता मुद्द्यावर येते. तू जऊळक्याच्या संघाचा अध्यक्ष. तुझे दाजी इंझोरीच्या संघाचे अध्यक्ष, शिवाय कप्तान, शिवाय बावन्न वर्षांचे. गेल्या वैशाखात एकाच मांडवात दोन लग्नं लागली. आमच्या दिराचा शिवम तुझ्या ज्योत्स्नाला दिला आणि तुमच्या गावचा हरीओम माझ्या निकिताला केला. दोन्ही पोरं बोलर. इथवर देवाची कृपा. पण स्पर्धेच्या समितीचा नियम असा की खेळणारा एक तर गावचा पाहिजे, नाही तर गावचा जावई पाहिजे, आणि वर्षभर एकाच गावाकडून खेळला पाहिजे. बस, लग्नाच्या याद्या करायला बसलात आणि तुम्हा दोघा अध्यक्षांच्या डोळ्यांत चमक आली. माझं शिक्षण दहावी आणि अक्षर बरं, म्हणून यादीची नक्कल करायला कागद आत माझ्याकडे आला. पाहते तर मानपानाची लुगडी आणि मांडव कोणाकडे या दोन ओळींच्या मधे लिहिलेलं, 'शिवम जऊळक्याकडून, हरीओम इंझोरीकडून. दोन्ही पक्षांस मान्य.' खाली तुझी सही आणि ह्यांची सही. नवऱ्या मुलांची सही नाही, नवऱ्या मुलींना तर कोणी सांगितलंही नाही. मी नक्कल केली. मला वाटलं, पुरुषांची गंमत आहे, हळद उतरली की विसरतील. (तेव्हाच ती ओळ गाळायला पाहिजे होती. नकलेत एखादी ओळ गळू शकते.)

विसरतात कुठले. वर्षभर दर रविवारी शिवम इंझोरीतून फटफटी काढून जऊळक्याला बोलिंग टाकायला जातो, आणि हरीओम जऊळक्यातून निघून इंझोरीला येतो. शेलूबाजारच्या आसपास दोघांच्या गाड्या समोरासमोर येतात, दोघं हात वर करतात आणि आपापल्या सासरवाडीकडे निघून जातात. पेट्रोलचं मी काही म्हणत नाही. पण दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांच्या घराकडे जातात आणि संध्याकाळी परत येतात, याला काय म्हणावं ते पोथीत कुठं सापडत नाही.

बरं, ज्या दिवशी सौदा झाला त्या दिवशी इंझोरीत काय उत्साह होता, तो तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, कारण संघाची वही माझ्याकडे असते. (मॅचची वही लिहायला गावात बारावी झालेली सात पोरं आहेत. सातही जणांचा रकाना पानभर तिरपा जातो, म्हणून ती माझ्याकडे आली. मैदान ओट्यासमोरच आहे, मी ओट्यावर बसून गहू निवडत ऐकते आणि लिहिते. पाहते म्हटलं तरी चालेल.) त्याच्या आदल्या हंगामात तुमच्या हरीओमनं बावीस विकेटा काढलेल्या आणि आमच्या शिवमनं अकरा. शिवमचा खांदा दुखत होता, ओव्हर संपली की तो हात धरून उभा राहायचा. अशा वेळी बावीसवाला घेतला आणि अकरावाला दिला, तर त्या दिवसाच्या हिशेबानं फसलास तू. मारोतराव स्वतः ओट्यावर येऊन ह्यांना म्हणाले होते, "जगदेव, सोनं घरात आनलं तुवा. जऊळकेवाल्याइले समजलंच नाही." तारखेसकट माझ्याकडे लिहिलेलं आहे. तेच मारोतराव आता काय म्हणून राह्यले, तर "मी तवाच म्हनलो होतो, पन माह्यं आयकते कोन." मी आतून ओरडून सांगितलं की तुमचं ऐकलं होतं, वही आणू का. तर म्हणे, घरी गुरं सोडायची राहिली.

आता वर्ष झालं. शिवमचा खांदा बरा झाला (मी सव्वा महिना तेल चोळलं, त्याची विकेट कोणाच्या नावावर लिहायची ते तू सांग) आणि त्यानं जऊळक्यासाठी एकतीस विकेटा काढल्या. हरीओमच्या आमच्याकडे नऊ. झालं, जो तो न्यायाधीश झाला. सलूनमध्ये सौदा, पिठाच्या गिरणीवर सौदा, हनुमानाच्या पारावर सौदा. ज्याला आपल्या शेतात पुढल्या आठवड्यात काय पेरायचं ते ठरवता येत नाही, तो गेल्या वर्षी जगदेवरावांनी काय करायला पाहिजे होतं ते छाती ठोकून सांगतो. पुढचं दिसलं असतं तर मीही लग्न वेगळ्या घरी केलं असतं, असं त्या दिवशी मी ह्यांना ऐकवलं, पण ते त्यांनी स्वतःवर घेतलं नाही.

आणि तू. एकतिसावी विकेट पडली त्या संध्याकाळी तू व्याह्यांच्या ग्रुपवर शिवमच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो घातलास आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली सहा तोंडं. पंजाब, त्या ग्रुपात हरीओमची आई आहे. तिचं पोरगंही तिथंच आहे. तिला ती सहा तोंडं कशी दिसली असतील याचा विचार एका विकेटीइतका तरी करायचा होता.

पण आगीत खरं तेल ओतलं ते तुझ्या दाजींनी. मागच्या नाही, त्याच्या मागच्या रविवारी आम्ही मालेगावकडून हरलो. हरीओम आणि निकिता मुक्कामाला राहणार होते, कारण गुरुवारी वाण द्यायचं ठरलं होतं. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, लग्नानंतरचा पोरीचा पहिला. तेहेतीस अनारसे, दिवा, लक्ष्मीनारायणाच्या जोडीला बसवून औक्षण. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मळून मी डबा भरून ठेवलेला. हरीओम मागं न्हाणीत पाय धूत होता. ओट्यावर हे आणि मारोतराव. वहीतले आकडे निघाले. हे सुस्कारा टाकून म्हणाले, "सौदा आंगावर आला, मारोतराव. तिकडं एकतीस अन् आपल्याकडं नऊ. शिवमसारखा गडी देऊन आनलं काय, त हे."

न्हाणीपासून ओट्यापर्यंत मधे एक बांबूच्या ताटीचं दार आहे, आणि ताटी कसली आवाज अडवते. हरीओम ओल्या पायानं बाहेर आला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. संघाची टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "येतो मामाजी. टोपी ठेवली हाय, कोनाले लागन त." निकिता मात्र बापाची लेक. पिशवी भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, सौदा मोडाचा असन त पुरा मोडा. मले बी वापस घ्या मंग." आणि असं म्हणून नवऱ्याच्याच गाडीवर मागं बसून गेली. तेव्हापासून फोन केला की निकिता सांगते, ते बाहेर गेले. सकाळी सहाला बाहेर, रात्री नऊला बाहेर. हरीओम जऊळक्यात कोणत्या कामासाठी इतका बाहेर असतो, तू तिथंच राहतोस, तुला दिसत असेल.

मला राग याचा येतो की जावयाला आपण नारायण म्हणतो. पाटावर बसवतो, पाय धुतो, पुढ्यात दिवा लावतो. नारायणाला कोणी विचारतं का, की बाबा तुझ्या विकेटा किती? आणि विचारायचंच असेल तर पुरतं विचारावं. माझ्या वहीत विकेटांच्या पुढे आणखी एक रकाना आहे. तो समितीच्या छापील कागदात नसतो, मी पट्टीनं आखला आहे. सुटलेले कॅच. हातात आलेली वस्तू गेली तर ती कोणाच्या हातून गेली हे लिहायलाच पाहिजे, नाही तर घर चालत नाही. हरीओमच्या बोलिंगवर वर्षभरात तेरा कॅच सुटले. नऊ आणि तेरा बावीस. म्हणजे पोरगा जितका होता तितकाच आहे, एक विकेट इकडची तिकडे नाही. तुमच्याकडे शिवमच्या बोलिंगवर, त्यानंच सांगितलं, कॅच सुटले दोन, कारण तुमची पोरं हात जोडून उभी असतात, आमची कमरेवर ठेवून. तुम्ही दोघांनी बोलर बदलले, पण कॅच घेणारे हात तेच राहिले, आणि ह्याचा विचार याद्या करताना कोणी केला नाही. त्या तेरांपैकी आठ कोणाचे ते लिहू का? कप्तान म्हणून हे बोलरच्या अगदी जवळ उभे राहतात, सल्ला द्यायला सोपं जावं म्हणून. पहिला कॅच सुटला तेव्हा ऊन डोळ्यांत होतं. दुसऱ्या वेळी धोतराचा सोगा. (मॅचला धोतर नेसू नका हे मी सांगितलं होतं.) तिसऱ्या वेळी ते हरीओमला फील्डिंग कशी लावावी ते सांगत होते आणि चेंडू त्यांच्या छातीवर आपटून खाली पडला. पुढचे पाच मी लिहीत नाही. अधिक महिना आहे, नवऱ्याविषयी इतकं पुरे.

तेव्हा हरीओमला तेवढं समजावून सांग. वैजयंतीला नमस्कार म्हण, तिची गोळी तूच हातात दे. व्याह्यांकडे जाशील तेव्हा विहीणबाईंना माझा नमस्कार आधी आणि तुझं बोलणं नंतर. देव तुला सुबुद्धी देवो, हे नेहमी लिहिते तसं नाही, खरंच मागते आहे.

तुझी
भागिरथाबाई

ता. क. हे पत्र घेऊन तुझे दाजीच येत आहेत. समितीची बैठक जऊळक्याला आहे म्हणून निघाले, जावयासाठी नाही. पाकिटात वाणाच्या सामानाची यादी आहे असं सांगितलं आहे, म्हणजे ते उघडणार नाहीत. तू वाचेपर्यंत ते तुझ्या ओट्यावर चहाची वाट पाहत बसतील. चहा देऊ नको. हरीओमला बोलावून समोर बसव. ह्यांच्या तोंडून "चुकलो" एवढा शब्द निघाला की मग चहा टाक, साखर कमी. बैठकीत तोंड उघडतं तर इथंही उघडेल.

ता. क. दुसरा. वर सगळं लिहिलं, एक लिहिलं नाही. त्या संध्याकाळी हे म्हणाले, वही वाच, आणि वाचली मी. शिवम एकतीस, हरीओम नऊ, मोठ्यानं, खणखणीत. माझं बोट पुढच्या रकान्यावर आलं होतं. पण समोर मारोतराव बसलेले, चारचौघांत नवऱ्याचे आठ कॅच कसे वाचायचे, म्हणून मी वही मिटली. मी तो रकाना वाचला असता तर हे पुढचं बोललेच नसते. पोरानं नऊ ऐकले ते माझ्या आवाजात ऐकले. तेव्हा "चुकलो" दोघांचं आहे. ह्यांचं त्यांच्या तोंडून घे, माझं या कागदावरून वाचून दाखव. पण ह्यांना बाहेर पाठवून वाच.

ता. क. तिसरा. दोघांना शनिवारीच पाठव, औक्षण शनिवारी सकाळी करते. रविवारी आमची जांभरूणवाल्यांशी मॅच आहे. अनारसे तेहेतीस द्यायचे असतात, ते देईनच, पण हरीओमनं आधी दोनच्या वर खाऊ नये, बाकीचे मॅचनंतर. आणि त्याला सांग, मामाजी आता जवळ उभे राहणार नाहीत. मी वही पाहून जागा काढली आहे, पाण्याच्या टाकीजवळ. वर्षभरात तिकडे एकही चेंडू गेलेला नाही.